सोसायटीच्या वाचनालयासाठी ई-रीडर घ्यावा का? मराठी वाचकांच्या शंका आणि प्रत्यक्ष अडचणी

गंगापूररोड_वाचनालय

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत छोटे वाचनालय आहे. सभासद ऐंशीच्या आसपास, त्यातले निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे. कपाटे भरली आहेत. यंदाच्या पुस्तकखरेदीच्या पैशातून दोन-तीन ई-रीडर घ्यावेत आणि ते पुस्तकांसारखेच पंधरा-पंधरा दिवस घरी द्यावेत, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे.

त्यावर सरळ दोन तट पडलेत. विरोध करणारे म्हणतात: स्क्रीनने डोळे बिघडतात, मराठी पुस्तके मिळत नाहीत आणि मिळाली तर जोडाक्षरे तुटलेली असतात, एवढ्या पैशात पन्नासेक छापील पुस्तके येतील, आणि ई-पुस्तक विकत घेऊनही ते आपले होत नाही. बाजूने असलेले म्हणतात: अक्षर हवे तेवढे मोठे होते, पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांना हलके पडते, आणि मुक्त विद्यापीठाची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले तशीही पीडीएफच वाचतात.

यातले खरे किती आणि ऐकीव किती? घ्यायचाच तर किती इंची, कोणत्या प्रकारचा? आणि तो असा घरोघरी देणे नियमात बसते का? माहीतगारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

---

अक्षरजुळणी

यंत्र कोणते हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी सभासद कोणत्या फाइली वाचणार ते ठरवा, कारण मराठीत लोक ई-रीडरला कंटाळतात ते बहुतेक वेळा फाइलमुळे. यंत्र नाहक बदनाम होते.

सर्वांत जास्त हातात येते ती पीडीएफ. पीडीएफमध्ये पानाचा आकार पक्का असतो, अक्षर मोठे केले की मजकूर नव्याने मांडला जात नाही, पानच पडद्याबाहेर जाते. साधे गणित करा. आपली बहुतेक पुस्तके डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची ई-रीडरचा पडदा रुंदीला जेमतेम ३.६ इंच. अख्खे पान बसवले तर १२ पॉइंटचे अक्षर ८ पॉइंटच्या खाली येते, आणि ते साठीच्या माणसाला वाचता येणार नाही. समास कापून टाकले तर मजकुराची रुंदी सव्वाचार इंचांच्या आसपास राहते आणि अक्षर १० पॉइंटवर येते. सात इंची पडदा ४.२ इंच रुंद असतो, त्यावर समास कापलेले डेमी पान जवळजवळ मूळ आकारात दिसते. ए-४ आकाराच्या नोट्स मात्र सातवरही वाचवत नाहीत. त्याला १०.३ इंची लागतो, ज्याची रुंदी ६.२ इंच भरते. म्हणजे डेमीच्या पीडीएफला किमान सात, ए-४ ला दहा. सहा इंची फक्त ईपब (अक्षर मोठे केले की मजकूर नव्याने मांडणारी ई-पुस्तकाची फाइल) आणि ॲमेझॉनच्या किंडल पुस्तकांसाठी.

आता लोक म्हणतील, पीडीएफचे ईपब करून घेऊ. इथेच मराठीत घात होतो. २००५–१० पर्यंतची आणि काही ठिकाणी अजूनही होणारी जुळणी श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांत असते. त्यात 'क' दिसतो, पण फाइलमध्ये भलतेच रोमन चिन्ह साठवलेले असते. तपासायचे सोपे आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा उमटला तर त्या फाइलचे थेट ईपब होणार नाही, कॅलिबर या ई-पुस्तके रूपांतरित करणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये कितीही पर्याय फिरवा. मजकूर देवनागरीत उमटला तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार नीट पाहा. 'किती', 'निर्णय', 'कार्यक्रम', 'वाऱ्यावर' असे शब्द शोधून बघा. युनिकोड (देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या) पीडीएफमधूनही वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकते, रफार भलत्यावर बसतो, कारण पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्यांची जागा साठवलेली असते. मजकुराचा क्रम त्यात असेलच असे नाही.

अशा फाइलींवर दोन उपाय आहेत. पहिला, के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे मोफत साधन. ते मजकूर वाचतच नाही. पानाचे चित्र घेऊन त्यातले शब्द कापते आणि अरुंद पडद्यावर पुन्हा मांडते. त्यामुळे फाँट कोणताही असो, जोडाक्षर तुटत नाही. यंत्राचा प्रकार निवडायचा, समास कापायचा पर्याय चालू ठेवायचा आणि आधी पाच-दहा पानांवरच चालवून बघायचे. दिवाळी अंकासारखी दोन स्तंभांची पाने असतील तर स्तंभांची संख्या स्वतः सांगावी, नाहीतर जाहिरातीची चौकट मध्येच घुसते. फाइल मोठी होते आणि शब्द शोधता येत नाही, हा त्याचा तोटा. दुसरा उपाय ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे संगणकाकडून ओळखून घेणे: गूगल ड्राइव्हवर पीडीएफ चढवून गूगल डॉक्समध्ये उघडायची. दहा-दहा पानांचे तुकडे करून द्या. छपाई स्वच्छ असेल तर मराठी चांगले ओळखते, पण मुद्रितशोधन करावेच लागते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल हमखास होते.

किंडलचे एक वेगळे दुखणे. ईपब फाइल यूएसबी केबलने किंडलमध्ये टाकली तर ती यादीत दिसतच नाही. ती 'सेंड टू किंडल'मार्गे पाठवावी लागते, ईमेलने ५० एमबीपर्यंत, वेबपानावरून २०० एमबीपर्यंत. ईमेलने पाठवताना तुमचा पत्ता खात्यातल्या मान्य यादीत नसेल तर पुस्तक येत नाही. पाठवल्यावर देवनागरीऐवजी अगम्य चिन्हे आली तर ईपबच्या आतल्या पानांवर यूटीएफ-८ ची (अक्षरे कोणत्या पद्धतीने साठवली आहेत त्याची) नोंद करायची राहून गेलेली असते. कॅलिबरमध्ये ती फाइल ईपबवरून पुन्हा ईपब अशी रूपांतरित करायची, माहितीच्या रकान्यात भाषा 'मराठी' निवडायची आणि परत पाठवायची.

भाषा निवडण्याचा आणखी एक फायदा आहे. ती हिंदी राहिली तर काही फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात, मराठी केली की आपले वळण येते. किंडलमध्ये 'फाँट्स' नावाच्या फोल्डरात स्वतःचा फाँट टाकता येतो. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे मुक्त फाँट आहेत, मुक्ताही चांगला. ओळींमधले अंतर मात्र सर्वांत मोठे ठेवा. इंग्रजीला पुरते तेवढे अंतर देवनागरीला पुरत नाही, वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात आणि वाचणारा 'अक्षर बारीक आहे' अशी तक्रार करतो.

---

नेत्रजन_इंदिरानगर

डोळ्यांबद्दल थोडे.

'स्क्रीन' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. मोबाइल आणि टॅब्लेटचा पडदा स्वतः उजेड फेकतो. ई-रीडरच्या, म्हणजे ई-इंकच्या पडद्यात सूक्ष्म कणांची पांढरी-काळी पूड असते, विजेच्या दाबाने ती वर-खाली होते आणि पान उलटेपर्यंत तशीच राहते. त्यावर दिसते ते बाहेरच्या उजेडाने. ई-रीडरमधले दिवेही पडद्याच्या कडेला असतात आणि उजेड पडद्यावर पाडतात, डोळ्यांत थेट सोडत नाहीत.

झोपेवर परिणाम होतो असे जे सांगितले जाते, त्याचा एक गाजलेला प्रयोग २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात झोपण्यापूर्वी वाचायला दिलेले यंत्र आयपॅड होते. त्याचे निष्कर्ष ई-इंकला जसेच्या तसे लावू नयेत. तरी रात्री दिवा मंद आणि पिवळसर ठेवणेच योग्य.

ज्येष्ठांना खरा फायदा मोठ्या आणि ठळक अक्षराचा. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्यांना मात्र ई-इंकचा राखाडी पार्श्वभाग छापील पानापेक्षा फिका वाटतो. त्यांच्यासाठी अक्षर ठळक करून समोरचा दिवा दिवसाही थोडा चालू ठेवावा. अंतर ३५ ते ४० सेंटिमीटर, वाचण्याच्या चष्म्यासकट. चष्म्याचा नंबर जुना असेल तर कोणतेही यंत्र त्रास देईल, आणि दोष यंत्राला लागेल.

---

ग्रंथालयशास्त्र_पंचवटी

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सोसायट्या नेमका तोच विचारत नाहीत.

छापील पुस्तक विकत घेतले की ती प्रत तुमची. ती कुणालाही वाचायला द्या, रद्दीत घाला, विका. किंडल स्टोअरमधून घेतलेले पुस्तक म्हणजे वैयक्तिक वाचनाचा परवाना. अटींमध्ये भाड्याने देणे, वाटणे, दुसऱ्याकडे हस्तांतर करणे याला मनाई आहे. म्हणून सोसायटीच्या एका खात्यावर पन्नास नवी पुस्तके विकत घेऊन ऐंशी घरांत फिरवणे परवान्यात बसत नाही. सभासदांची 'ते आपले होत नाही' ही तक्रार अगदी बरोबर आहे, तिला जुन्या वळणाची म्हणून उडवून लावू नका. २००९ साली ॲमेझॉनने एका इंग्रजी लेखकाची दोन पुस्तके हक्कांच्या वादामुळे ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत केले होते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हाही पैसे मिळाले पण पुस्तके गेली. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेली किंडल पुस्तके संगणकावर उतरवून केबलने हलवण्याची सोय ॲमेझॉनने काढून टाकली.

मग फिरत्या यंत्रात काय ठेवता येईल? जे प्रताधिकारमुक्त आहे किंवा हक्कधारकाने मोफत दिले आहे ते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. सावरकर १९६६ साली गेले, त्यांचे १ जानेवारी २०२७ ला होईल. कुसुमाग्रज आणि कानेटकर ही आपल्या गावची नावे, पण कुसुमाग्रज १९९९ साली गेले आणि कानेटकर त्यांच्यानंतर. त्यांच्या पुस्तकांच्या ज्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात त्या चोरीच्या आहेत, वाचनालयाच्या यंत्रात त्या चुकूनही नकोत. भाषांतर असेल तर मूळ लेखक आणि अनुवादक दोघांचीही वर्षे पाहायची. छापील पुस्तकातली नवी प्रस्तावना आणि चित्रे यांचे हक्क वेगळे असतात, हेही लक्षात ठेवा.

मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरची पुस्तके ईपबमध्ये उतरवता येतात आणि ती युनिकोडमध्ये असल्याने वर सांगितलेला फाँटचा त्रास तिथे नाही. ई साहित्य प्रतिष्ठान मोफत पीडीएफ देते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचीही पुष्कळ प्रकाशने संकेतस्थळावर मोफत आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफमध्ये मिळतात. एवढ्यावर दोन यंत्रे सहज भरतील, पण हे जुने आणि वेचक साहित्य झाले. कालपरवाची कादंबरी त्यात नसणार, हे सभासदांना यंत्र देण्याआधी सांगा.

नव्या पुस्तकांसाठी आणि कपाटाच्या जागेसाठी दुसरे मार्ग आहेत. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आपल्या शहरात आहे, तिथली वर्गणी कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनाही तुमच्यासारख्या गटांसाठीच आहे. पुस्तकांची पेटी वाचून झाली की बदलून मिळते, कपाट भरत नाही.

यंत्र फिरवणारच असाल तर ही काळजी घ्या. खाते सोसायटीच्या नावाच्या ईमेलवर उघडा आणि त्याला कार्ड जोडू नका. सेटिंगमध्ये पेरेंटल कंट्रोल चालू करून दुकान आणि ब्राउझर बंद करा. त्याचा पिन दोन जणांकडे लिहून ठेवा, कारण विसरला तर यंत्र पूर्ण पुसावे लागते. परत आल्यावर आधीच्या वाचकाच्या खुणा आणि टिपा काढा. एकाच खात्यावर दोन यंत्रे असतील तर पाने जुळवण्याची सोय बंद करा, नाहीतर एकाचे वाचन दुसऱ्याला भलत्या पानावर नेऊन ठेवते.

---

गंगापूररोड_वाचनालय

मनापासून आभार. परवान्याचा मुद्दा आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. दोन उपप्रश्न: बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेली ई-पुस्तके सभासदाला स्वतःच्या ई-रीडरवर वाचता येतील का? आणि सभासदांचा कल नेमका कसा अजमावावा? नुसते हात वर करायला सांगितले तर सगळे 'कागदच बरा' म्हणतात.

---

ईइंक_कॅनडाकॉर्नर

बुकगंगाची ई-पुस्तके त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. किंडलवर ते ॲप चालत नाही, त्यामुळे किंडल घेतलेल्या माणसाला ती पुस्तके फोनवरच वाचावी लागतात. दोन्हीकडचे एकाच यंत्रावर हवे असेल तर अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर लागतो, उदाहरणार्थ बूक्स (Boox) या कंपनीचा. त्यावर दोन्ही ॲप टाकता येतात. मात्र ही ॲप फोनच्या पडद्यासाठी बनलेली असतात. पान सरकण्याचे ॲनिमेशन बंद केले नाही तर आधीच्या पानाची पुसट छाया राहते. यंत्राच्या रिफ्रेश सेटिंगमध्ये त्या ॲपपुरता स्वच्छ मोड निवडा आणि ठरावीक पानांनंतर पूर्ण पडदा ताजा करायला सांगा. ॲपमध्ये आवाजाच्या बटणाने पान उलटायची सोय असेल तर तीच वापरा. बॅटरी किंडलपेक्षा लवकर संपते. खरेदीआधी दुरुस्ती भारतात होते का, हे लेखी विचारून घ्या.

ज्येष्ठांना अँड्रॉइडवाला देऊ नये असे माझे स्पष्ट मत. सूचना, अपडेट, खाती यांत वाचन राहूनच जाते.

टिकण्याबद्दल: ई-इंकच्या पडद्यामागे पातळ काच असते. खाली पडण्यापेक्षा पिशवीत दाबला जाऊन तो जास्त फुटतो. वरून ओरखडाही दिसत नाही, पण अर्ध्या पडद्यावर रेघा गोठतात. महात्मा गांधी रोडवरचे मोबाइल दुरुस्तीवाले कुशल आहेत, तरी त्यांच्याकडे हे पॅनेल सहसा नसते, आणि असले तरी खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. म्हणून कडक पुठ्ठ्याचे मिटणारे कव्हर पहिल्या दिवसापासून. मऊ पाउच उपयोगाचा नाही. चालवण्याचे तापमान साधारण ३५ अंशांपर्यंत सांगितलेले असते, एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवू नये.

जुने घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच त्याचे खाते यंत्रातून काढायला लावा आणि स्वतःचे जोडून बघा. पूर्ण काळे आणि पूर्ण पांढरे पान उघडून डाग पाहा, दिवा पूर्ण करून कडेला ठिपके दिसतात का तेही पाहा. 'अनेक आठवडे चालते' हा बॅटरीचा आकडा रोज अर्धा तास वाचन आणि वाय-फाय बंद धरून दिलेला असतो. रोज तीन तास वाचणाऱ्याने तो सहाने भागावा.

---

पुस्तकव्यवहार_नाशिकरोड

कल अजमावण्याबद्दल. 'कागद की ई-पुस्तक' हा प्रश्नच विचारू नका, त्याला सगळे भावनेने उत्तर देतात. हे विचारा: गेल्या सहा महिन्यांत काय वाचले, कुठे वाचता (घरी, गाडीत, अंथरुणात), पुस्तक अर्धवट सुटले तर का सुटले, आणि फाइल टाकून द्यायला घरात कुणी आहे का. उत्तरांतून गट आपोआप पडतात. बारीक अक्षरामुळे वाचन सोडलेले ज्येष्ठ, रोजचा प्रवास करणारे आणि इंग्रजी जास्त वाचणारे यांना ई-रीडर उपयोगी पडतो. जे नव्या मराठी कादंबऱ्या, चरित्रे वाचतात आणि वाचून झाल्यावर बहिणीला, शेजारी देतात त्यांना नाही पडत. देण्याघेण्याची ही सवय त्यांच्या वाचनाचा भाग आहे, तिला यंत्रात जागा नाही.

विद्यार्थ्यांबद्दल मात्र बाजूने बोलणाऱ्यांनी जरा थांबावे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेच्या बंधनात, कागदावर जास्त चांगला समजतो असे त्यात दिसले. कथात्म मजकुरात तसा फरक आढळला नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कठीण प्रकरणे छापून द्या, बाकीची पडद्यावर चालतील.

पैशांचे गणितही उघड मांडा. सात इंची किंडल कव्हरसकट सतरा-अठरा हजारांच्या घरात जाते. समजा छापील पुस्तक ३०० आणि तेच ई-पुस्तक २०० रुपयांना पडले, तर यंत्राचे पैसे वसूल व्हायला १७०-१८० पुस्तके घ्यावी लागतील. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के. त्यामुळे बचत होईल म्हणून कुणी यंत्र घेऊ नये. मोठे अक्षर आणि हलके वजन यांसाठी ज्याला ही रक्कम योग्य वाटते त्याने घ्यावे.

माझा सल्ला: तीन नको, एकच घ्या, सात इंची. त्यात विकिस्रोतावरची आठ-दहा पुस्तके अक्षर मोठे, ठळक आणि ओळीतले अंतर पूर्ण करून ठेवा, आणि बारीक अक्षरामुळे वाचन सुटलेल्यांनाच आधी द्या. उरलेल्या पैशांची छापील पुस्तके.

---

अक्षरजुळणी

वरच्या सल्ल्याला एक जोड. पहिल्या वाचकाला यंत्र देण्याआधी प्रत्येक पुस्तकाची अनुक्रमणिका, मधले एक प्रकरण आणि शेवटचे पान उघडून बघा. विकिस्रोतावर काही पुस्तकांची पाने अजून तपासायची राहिलेली असतात आणि ती तशीच ईपबमध्ये येतात. पुस्तकाच्या पानावर प्रत्येक पृष्ठाची स्थिती रंगाने दाखवलेली असते. हिरवी म्हणजे दोनदा तपासलेली, पिवळी म्हणजे एकदा. लाल दिसली तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा.

यादी इथे टाकलीत तर कोणत्या फाइली स्वच्छ आहेत ते तपासून सांगतो.